आठ दिवसांत निम्मं

थायरॉइडच्या कॅन्सरवर मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात. अशी बाई गावी परतली, की शेजारणी भीतीपोटी महिनोन्‌महिने लांब राहतात. त्याची गरज नसते.

गटाच्या कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. इथं मात्र दर ८ दिवसांनी उरलेल्यातलं निम्मं संपतं. १०० भाग धरा: ८ दिवसांनी ५०, १६ दिवसांनी २५, २४ दिवसांनी साडेबारा. ८० दिवसांनी हजारातला एक भागही उरत नाही. शिवाय पहिल्या दोन-तीन दिवसांतच बरंचसं आयोडीन लघवीवाटे निघून जातं.

डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लेकरं नि गरोदर बाया लांब ठेवा. नंतर तिला हाक मारा, शेजारी बसवून चहा पाजा.