संचालिका नेमतो कोण?

2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असलीच पाहिजे, असे बंधन घातले. बाजार नियामक सेबीची मुदत 1 एप्रिल 2015 ला संपत होती. ती जवळ येताच नेमणुकांची धांदल उडाली आणि कित्येक प्रवर्तकांनी पत्नी, मुलगी किंवा सून यांनाच मंडळावर घेतले. त्यात बेकायदा काही नव्हते, आणि घरातली स्त्री अपात्रच असते असेही मी म्हणत नाही. पण व्यवस्थापनावर देखरेख ठेवणे हे संचालक मंडळाचे मुख्य काम आहे. ज्या घराच्या हाती कारभार, त्याच घरातून देखरेख करणारी आली, तर सामान्य भागधारकाच्या पदरात काय पडले? म्हणून उदय कोटक समितीने 2017 मध्ये सुचवलेली स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी नाते वा हितसंबंध नसलेल्या, संचालिकेची अट मला अधिक मोलाची वाटते. ती 2019 मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या 500 आणि 2020 मध्ये पहिल्या 1000 कंपन्यांना लागू झाली.

स्त्रिया आल्या की नफा वाढतो, असे या तरतुदीचे समर्थक हिरिरीने सांगतात. या युक्तिवादावर मी भिस्त ठेवणार नाही. नॉर्वेने 2003 मध्ये संचालक मंडळांवर स्त्रियांच्या किमान 40 टक्के जागांचा कायदा केला आणि तो न पाळणारी कंपनी विसर्जित करण्यापर्यंत शिक्षा ठेवली. तिथे शेअरचे मूल्य घसरले, असा निष्कर्ष अहर्न आणि डिटमार यांनी 2012 मध्ये काढला. नंतरच्या संशोधकांना तसा ठोस परिणाम आढळला नाही. पुरुष संचालकाकडे तो पुरुष आहे म्हणून नफ्याचा दाखला आपण कधी मागितला? देखरेखीबाबतचा पुरावा जास्त बोलका आहे. अ‍ॅडम्स आणि फेरेरा यांच्या 2009 च्या अमेरिकेतील अभ्यासात स्त्रियांची बैठकांना हजेरी पुरुषांपेक्षा चांगली दिसली आणि त्या असलेल्या मंडळांत पुरुषांचीही हजेरी सुधारलेली आढळली. जिथे देखरेख आधीच कडक होती, तिथे मात्र कंपनीच्या कामगिरीला त्याचा लाभ झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवू नये.

लायक स्त्रिया मिळतील कुठून, हा आक्षेप नॉर्वेतही घेतला गेला. कायद्यानंतर आलेल्या संचालिका आधीच्या संचालिकांपेक्षा अधिक पात्र होत्या, असे बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांना आढळले. शोधायला भाग पाडले, तेव्हा त्या सापडल्या. मात्र त्याच कंपन्यांत खालच्या पदांवरील स्त्रियांना त्याचा फारसा फायदा दिसला नाही. मंडळातल्या जागेकडून सगळ्या कंपनीच्या परिवर्तनाची अपेक्षा धरणे म्हणूनच चूक आहे. तिच्याकडून निर्भीड देखरेखीची अपेक्षा धरावी, आणि त्यासाठी ती कोणाची मिंधी नसावी. आपल्याकडे 2022 पासून स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीसाठी विशेष ठराव मांडला जातो; तो संमत व्हायला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात. पण प्रवर्तकांना 75 टक्क्यांपर्यंत भाग ठेवता येतात. तेवढे असतील तर ठराव त्यांच्याच बळावर संमत होतो. स्वतंत्र संचालिकेच्या निवडीत प्रवर्तकांची मते वगळून बाकीच्या भागधारकांचे वेगळे मतदान घ्यावे, आणि त्यात बहुमत मिळाल्याशिवाय नेमणूक पक्की होऊ नये, एवढी दुरुस्ती सेबीने करावी.