परळची मतपेटी आणि गिरणी कामगार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



विधानसभेच्या एखाद्या मतदारसंघाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे कोण निवडून आले, कोण पडले आणि किती मतांनी, याची जंत्री देण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या परळ मतदारसंघाच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. हा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीपासून परळ-लालबागचा बराचसा भाग शिवडी मतदारसंघात गेला आणि 'परळ' हे नाव विधानसभेच्या यादीतून पुसले गेले. तरीही डाव्या आणि समाजवादी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ज्या मतदारसंघाचा अभ्यास प्रथम करावा, असा हाच मतदारसंघ होय.

प्रारंभ १९७० च्या पोटनिवडणुकीपासून करणे योग्य ठरेल. परळचे आमदार, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई, यांचा ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये खून झाला. त्यांच्या रिक्त जागेसाठी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदान झाले. पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले. विरोधात शिवसेनेचे वामनराव महाडिक होते. महाडिकांना ३१,५९२ आणि सरोजिनीबाईंना २९,९१३ मते पडली. १,६७९ मतांच्या फरकाने शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला, आणि तोही लाल बावट्याचा बालेकिल्ला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिरणगावातून.

या निकालाचा धक्का एवढा मोठा होता की त्यातील आकड्यांचा शांतपणे विचार फारसा झालाच नाही. दोन्ही उमेदवारांच्या मतांची बेरीज ६१,५०५ होते. त्यात विजयी उमेदवाराचा हिस्सा ५१ टक्क्यांहून थोडा अधिक आहे. ८४० मतदारांनी आपले मत फिरविले असते तर निकाल उलटला असता. म्हणजे गिरणगावाने लाल बावटा टाकून दिला, हे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच हा केवळ दहशतीचा आणि पैशाचा विजय होता, हे म्हणणेही अपुरे. दहशत होती, हे खरेच. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्टांच्या कार्यालयावर हल्ला झाला होता, आणि या निवडणुकीला तर खुनाचीच पार्श्वभूमी होती. परंतु एकतीस हजार माणसे केवळ भीतीपोटी मतदान करीत नसतात. ज्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या कामगार संघटना रुजलेली, त्या वस्तीतील निम्म्याहून अधिक मते तिच्या विरोधात का गेली, या प्रश्नाला सामोरे गेल्यावाचून सुटका नाही.

त्यासाठी प्रथम एका कायद्याकडे वळावे लागते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत 'प्रातिनिधिक संघटना' ही कल्पना आणली. मालकांशी बोलणी करण्याचा आणि करार करण्याचा अधिकार या मान्यताप्राप्त संघटनेकडे गेला. हे स्थान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले आणि दशकानुदशके त्याच्याकडेच राहिले. प्रातिनिधिकत्व ठरत असे ते सभासदसंख्येच्या नोंदीवर. कामगारांच्या गुप्त मतदानाची तरतूद तेथे नव्हती. १९२८ च्या महान संपातून उभी राहिलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन खात्याखात्यांत लोकप्रिय असली, तरी कायद्याच्या दृष्टीने कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला नव्हता.

याचा परिणाम असा झाला की 'आमच्या वतीने कोणी बोलावे' हे गुप्तपणे आणि निर्भयपणे सांगण्याची सोय गिरणी कामगाराला एकाच ठिकाणी उरली, ती म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीची मतपेटी. कारखान्यात नाकारलेला कौल तो मतदान केंद्रावर नोंदवीत राहिला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत गिरणगावाने कॉम्रेड डांगे यांना मोठ्या मताधिक्याने लोकसभेत पाठविले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तो प्रश्न संपला, आणि १९६२ मध्ये डांगे पराभूत झाले. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी परळमधून कृष्णा देसाई विधानसभेत गेले. या दहा वर्षांतील चढउतार पाहता हा मतदार कोणाच्या मालकीचा नव्हता, हे तेव्हाच ध्यानात यावयास हवे होते. प्रश्न घेऊन जो उभा राहील त्याला तो मत देत होता.

चळवळीची चूक येथे झाली. गिरणीच्या दारावरील सभा, बोनसचा लढा आणि महागाईभत्त्याचा हिशेब यांत ती वाकबगार होती. परंतु कामगार पाळीचे आठ तास गिरणीत असे आणि उरलेले सोळा तास चाळीत. तेथे गावकऱ्यांची मंडळे होती, व्यायामशाळा होत्या, गणेशोत्सव होते, खानावळी होत्या आणि नळाच्या पाण्यावरून रोजचे तंटे होते. शिवाय तेथे कामगाराचा मुलगा होता. तो मॅट्रिकपर्यंत शिकलेला होता, बापाप्रमाणे साच्यावर उभे राहण्याची त्याची तयारी नव्हती आणि कचेरीतील नोकरी त्याला मिळत नव्हती. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने याच मुलाला हाक दिली. त्याच्या बेकारीचे कारण म्हणून तिने दाक्षिणात्य कारकुनाकडे बोट दाखविले. हे निदान खोटे होते. परंतु त्या मुलाचे दुःख खरे होते, आणि त्या दुःखाची विचारपूस करणारी शाखा त्याच्याच गल्लीत उघडली होती. युनियनच्या सभासदयादीत या मुलाला स्थान नव्हते. मतदारयादीत मात्र तो होता, किंवा लवकरच येणार होता.

कृष्णा देसाई हे या बाबतीत अपवाद होते. महापालिकेच्या राजकारणातून वर आलेल्या या नेत्याची मुळे गिरणीइतकीच वस्तीतही होती आणि तरुणांची फळी त्यांच्या भोवती होती. त्यांच्या खुनाने पक्षाचा आमदार गेला, हा झाला लौकिक हिशेब. चळवळीला गल्लीशी जोडणारा दुवाच तुटला, हे त्याहून मोठे नुकसान होय.

या संदर्भात समाजवादी चळवळीला स्वतःचाही हिशेब द्यावा लागेल. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली. शिवसेनेला १४० पैकी ४२ जागा मिळाल्या आणि स्थापनेनंतर दोनच वर्षांत तिला प्रतिष्ठा लाभली. या प्रतिष्ठेत समाजवाद्यांचा वाटा होता, हे नाकारता येणार नाही. कम्युनिस्टविरोध हे जणू स्वतंत्र धोरणच आहे, अशा समजुतीने केलेल्या त्या युतीची किंमत दोन वर्षांनी परळमध्ये दिसली. ती किंमत एका पक्षाने भरली असे वाटले, तरी अखेर साऱ्या कामगार चळवळीने भरली.

तथापि १९७० चा निकाल हा कायमचा कौल नव्हता. १९७२ मध्ये शिवसेनेला साऱ्या राज्यात एकच जागा मिळाली, ती गिरगावची; परळ तिला राखता आले नाही. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच त्या संपाची मागणी होती ती मान्यताप्राप्त संघटनेची मक्तेदारी मोडण्याची. संप फुटला. पण डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने लोकसभेच्या ४०० हून अधिक जागा जिंकल्या असताना, दक्षिण-मध्य मुंबईने डॉ. सामंतांनाच निवडून दिले. १९४६ च्या कायद्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मतदारांनी पुन्हा एकदा मतपेटीतून दिले. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच मतदारसंघातून निवडून आले ते वामनराव महाडिक. मधल्या काळात हजारो कुटुंबांची चूल विझली होती, अनेक जण गावी परतले होते, आणि गिरणीचे दारच बंद झाल्याने दारावरची सभाही संपली होती. गल्लीतील शाखा मात्र उघडी होती.

पुढचा प्रश्न जमिनीचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिका, म्हाडा आणि मालक यांना देऊ केला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरविली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. घरांसाठी कामगारांचा लढा त्यानंतरही चालू राहिला आणि २०१२ पासून सोडतीने काहींना घरे मिळालीही. परंतु गिरणी कामगार हा ज्याचा कणा होता, तो मतदारसंघ तोवर उरला नव्हता. शिवडीत २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर निवडून आले. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये अजय चौधरी. मुख्य लढती झाल्या त्या शिवसेना आणि तिच्यातूनच फुटून निघालेला पक्ष यांच्यामध्ये.

यावरून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध तसा अवघड नाही. मतदारसंघ ही वडिलोपार्जित जमीन नव्हे. कामगाराचे मत मिळते ते त्याच्या प्रश्नाशी राखलेल्या संबंधामुळे, आणि तो प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. आजचा कंत्राटी कामगार, दुचाकीवरून घरोघर माल पोचविणारा तरुण, घरकाम करणारी बाई यांना तर फाटकच नाही. त्यांची गाठ पडावयाची ती वस्तीतच. तेथे पाण्याची, रेशनची, मुलाच्या प्रवेशाची तक्रार घेऊन माणूस कोणाकडे जातो, हे निवडणूक जाहीर होण्यापूर्वी पाहावे; परळमध्ये ते मतमोजणीनंतर पाहिले गेले. १,६७९ हा आकडा अभ्यासवर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.