पत्र्याची पेटी आणि जपणारे हात

मी हिवरे बाजारहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. दुपारची वेळ आहे. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी गोठ्यातलं आवरून जरा टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज एक चूक सांगायची आहे. माझीच.

चार वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातल्या गटात मी घर-स्वच्छतेचा कार्यक्रम घेतला. गटातल्या एक मावशी ख्रिस्ती समाजातल्या. त्यांच्या माळ्यावर पत्र्याची जुनी पेटी होती. मावशी म्हणाल्या, "ताई, हे आमच्या आजेसासूचं. ती बायबल बाई होती. पायी गावोगाव फिरायची, बायांना वाचायला शिकवायची. तिच्या वह्या आहेत ह्यात." कागद पिवळे पडलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी म्हटलं, "मावशी, किती जागा अडलीय. रद्दीत देऊन टाका." शिकलेली पोर सांगतेय म्हणून मावशींनी ऐकलं. वह्या किलोच्या भावानं गेल्या. पेटी राहिली, तिच्यात आता डाळ असते.

पुढच्या जानेवारीत सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीचं भाषण लिहायला बसले, तेव्हा आपण काय घालवलं ते कळलं.

आपल्या नगरात सिंथिया फरार नावाच्या बाई होत्या. अमेरिकेतून एकट्या आलेल्या, लग्न न केलेल्या. 1827 साली त्या मुंबईत उतरल्या, 1839 मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली नगरमध्येच वारल्या. त्यांच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. हे आज आपण सांगू शकतो, कारण ते छापून ठेवलं गेलं. 'ज्ञानोदय' नावाचं नियतकालिक 1842 साली आपल्या नगरातच अमेरिकन मराठी मिशननं सुरू केलं होतं.

त्याच 'ज्ञानोदया'त 1855 साली मुक्ता साळवे या मुलीचा निबंध आला. मुक्ता मातंग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं. मैत्रिणींनो, ते अंक कुणी जपले नसते, तर मुक्ता आपल्याला भेटली असती का?

दुसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं. कवी नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म घेतला आणि संसार तुटला. पुढं काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, नगर आणि राहुरीत राहिल्या, 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. शाळेत न गेलेल्या या बाईनं 'स्मृतिचित्रे' लिहिलं. 1934 ते 1937 मध्ये ते चार भागांत निघालं. 1936 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तरी शेवटचा भाग निघाला, कारण मुलगा देवदत्त मागे उभा होता. पुढे नातू अशोक टिळकांनी टिपा देऊन, नीट संपादन करून तेच पुस्तक पुन्हा वाचकांच्या हाती दिलं. आई, मुलगा, नातू. तीन पिढ्यांनी एक आठवण हातोहात पुढं दिली. डॉ. गंगाधर मोरजे यांनी तर ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा अख्खा इतिहासच लिहून ठेवला.

याच्याही आधीची गोष्ट बॅप्टिस्ट मंडळींची आहे. नगरचं मिशन वेगळ्या पंथाचं, हे वेगळे. बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरी नावाचे बॅप्टिस्ट होते, मूळचे चांभारकाम करणारे. त्यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठीचा शब्दकोश छापला. वैजनाथ नावाचे पंडित त्यांच्या मदतीला होते. 1812 साली त्यांच्या छापखान्याला आग लागली आणि कितीतरी हस्तलिखितं जळाली. ती माणसं पुन्हा लिहायला बसली. ते वाचताना मला मावशींची पेटी आठवली. तिथं आगीनं नेलं. इथं मी नेलं.

हे मी बैठकीत बोलले, तर एक जण म्हणाली, "ते ख्रिस्ती लोकांचं. आपल्याला काय त्याचं?" प्रश्न बरोबर आहे. ती माणसं आपला धर्म सांगायलाच आली होती, हे लपवायचं कारण नाही. पण त्यांच्या कागदांत आपल्या आज्या-पणज्या आहेत. कोण कोणत्या गावात पहिल्यांदा पाटी धरून बसली, ते तिथं आहे. कागद जपला म्हणून कुणाचा धर्म बदलत नाही.

आमच्या गावाचंच बघा. दुष्काळानं हिवरे बाजारची माणसं घर सोडून गेली होती. आज लांबून लोक गाव बघायला येतात. इथं पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. नोंद ठेवली म्हणून पाणी पुरलं. माणसांच्या आठवणींनाही तसाच हिशोब लागतो.

सत्कार आपण कुणाचे करतो? निवडून आलेल्याचा, पहिला नंबर काढणाऱ्याचा, कुस्ती मारणाऱ्याचा. तीस वर्षं मंडळीचं जुनं रजिस्टर जपणाऱ्या, ओव्या पाठ ठेवणाऱ्या, आजीचा फोटो सांभाळणाऱ्या बाईला नारळ कुणी दिलाय? आमच्या गटांनी ठरवलंय, येत्या 3 जानेवारीला अशा एका बाईची ओटी भरायची. जात-धर्म बघायचा नाही. तिनं काय जपलं, एवढंच बघायचं.

पहिला मान त्याच मावशींना. मी माफी मागायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद गेले गं, मी आहे ना अजून." आजेसासू कोणकोणत्या वाड्यांवर जायची, काय गायची, कुणी दारातून परत पाठवलं, कुणी भाकरी दिली, सगळं त्यांना सासूकडून ऐकून पाठ. चार दुपारी बसून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. कॉलेजात शिकणारी त्यांची नात आता ते वहीत उतरवतेय.

तुम्हीही एवढं करा. जुन्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव आणि गाव लिहा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. ओल नसलेल्या जागी, सुती कपड्यात गुंडाळून ठेवा. मोबाईलवर फोटो काढून दोन घरांत ठेवा. आणि घरात ऐंशीची आजी असेल तर आजच संध्याकाळी तिच्याजवळ बसा.

कुणी शिकलेली ताई येऊन "रद्दीत द्या" म्हणाली, तर तिला आधी चहा पाजा आणि एक पान वाचून दाखवा. त्या दिवशी मला कुणी एक पान वाचून दाखवलं असतं, तर त्या वह्या आज पेटीतच असत्या.