म्युनिक की म्युन्शन? मेलमध्ये नेमकं काय लिहायचं

कंपनीच्या बसमध्ये बसून ऐकताय, की शिफ्ट संपवून रूमवर आलाय? कुठेही असा, हेडफोन नीट लावा. आज विषय नावांचा आणि उच्चारांचा आहे.

मी चाकणला परचेसमध्ये काम करतो. आपल्या या पट्ट्यात जर्मनी काही लांब नाही. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, दोघांचेही चाकणचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. पिंपरीत केएसबीचे पंप त्याच्या कितीतरी आधीपासून बनतात. आणि आपण सामान न्यायला जो 'टेम्पो' बोलावतो ना, ते मुळात एका जर्मन कंपनीचं नाव, हॅम्बुर्गकडची. बजाज टेम्पोमुळे तो शब्द आपल्या तोंडी बसला. तीच आकुर्डीची कंपनी आज फोर्स मोटर्स.

त्यामुळे प्रश्न रोजचा आहे. इंग्रजी मेलमध्ये जर्मन शहराचं नाव कसं लिहायचं? आणि मीटिंगमध्ये कसं बोलायचं?

हा प्रश्न छोटा वाटतो, पण नाहीये. आमच्या एका मीटिंगमध्ये डिप्लोमा केलेल्या एका मुलाने स्क्रीनवरचं नाव 'मुन्चेन' असं वाचलं. कुणीतरी हसलं. त्यानंतर तासभर तो गप्प. आणि त्या पार्टची सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती! म्हणून आज हे एकदा नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. जर्मन लोक ज्याला म्युन्शन म्हणतात, त्याला इंग्रजीत म्युनिक म्हणतात. म्युनिच नाही, शेवटी 'क'. क्योल्नचं इंग्रजीत कलोन होतं, न्युर्नबेर्गचं न्यूरेम्बर्ग. ही नावं चुकीची नाहीत, ती इंग्रजीतली नावं आहेत. कलोन तर आपल्या घरातही आलेलं आहे. आजीला विचारा, ताप आला की कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायचे. ते कोलन म्हणजे हेच शहर. रोमन लोकांनी इथे वसाहत केली, लॅटिनमध्ये वसाहतीला 'कोलोनिया' म्हणतात. जर्मनांनी त्याचं क्योल्न केलं, फ्रेंचांनी कलोन, आणि इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून उचललं.

आपणही हेच करतो की! गुजराती माणूस वडोदरा म्हणतो, आपण बडोदा. हिंदीत ग्वालियर, आपलं ग्वाल्हेर. त्यात कुणाचा अपमान नाही.

मग पुण्याला कुणी 'पूना' म्हटलं की आपल्याला का खटकतं? कारण आपण ठरवलंय की इंग्रजीतसुद्धा पुणेच. इथेच खरा नियम सापडतो: ते शहर इंग्रजीत स्वतःला काय म्हणवतं, ते बघा. म्युनिक शहर आपल्या इंग्रजी पानांवर स्वतःला म्युनिकच म्हणतं. मग तुम्ही मेलमध्ये 'म्युन्शन' लिहून जास्त शहाणपणा दाखवायची गरज नाही.

हाच नियम हॅनोव्हरला लावा. इंग्लंडच्या गादीवर १७१४ मध्ये जे राजघराणं आलं, ते इथलंच. म्हणून इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांत एका 'एन'चं स्पेलिंग दिसतं. पण शहर स्वतः इंग्रजीतही डबल 'एन' लिहितं. इथल्या औद्योगिक प्रदर्शनाचं नावही तसंच, हॅनोव्हर मेसे. २०१५ मध्ये भारत त्याचा भागीदार देश होता. तेव्हा कामाच्या मेलमध्ये डबल 'एन'.

दुसरी गोष्ट. पत्ता आणि कंपनीचं नाव यांना हा नियम लागू नाही. तिथे त्यांच्या लेटरहेडवर जसं असेल, अगदी तसंच. कीबोर्डवर 'यू'वरची दोन टिंबं मिळत नसतील, तर नुसता 'यू' टाकू नका, 'यू-ई' टाका. 'ओ'वर टिंबं असतील तर 'ओ-ई'. जर्मन माणसासाठी ही टिंबं शोभेची नाहीत. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन'मध्ये जेवढा फरक, तेवढा तिथेही पडतो. आणि सिस्टीममध्ये एकच सप्लायर एकदा म्युनिक आणि एकदा म्युन्शन म्हणून चढला, तर बिलं जुळवताना रात्र होते.

तिकीट काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: जर्मनीत फ्रँकफुर्ट दोन आहेत. मोठ्या विमानतळाचं माइन नदीवरचं. दुसरं पोलंडच्या सीमेवर, ओडर नदीवरचं. पत्त्यात नदीचं नाव बघाच.

आता उच्चार. इंग्रजीत बोलताना इंग्रजी उच्चार पुरतो: हॅनोव्हर. जर्मन माणूस 'हानोफर' म्हणेल, त्यांचा 'व्ही' तिथे 'फ'सारखा लागतो. क्योल्नमधला तो स्वर तर देवनागरीत लिहिताच येत नाही, मीही जवळपासचं लिहिलंय. तो जमला नाही तर लाजू नका. बाहेरून आलेल्या साहेबाला 'चाकण'मधला 'ण' कुठे जमतो? तो 'चाकन' म्हणतो आणि बिनधास्त पुढे बोलतो. आपण हसत नाही, त्याचं काम समजून घेतो.

तेवढीच सूट स्वतःलाही द्या. शंका आली तर सरळ विचारा, "तुमच्या शहराचं नाव कसं म्हणायचं?" हा प्रश्न कुणालाही आवडतो. आणि शेजारी बसलेला कुणी अडखळला, तर हसू नका. त्याला नाव हळूच सांगा आणि पुढचं बोलू द्या.

तुमच्या कंपनीत कुठलं नाव अडतं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!