खाप्याची संत्री, खाप्याचा बाजार

कन्हान नदीकाठचे खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील गाव. हा पट्टा कापूस आणि संत्र्याचा. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबरपासून उतरतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. अनेकदा फळ झाडावर असतानाच अख्ख्या बगीच्याचा सौदा होतो. पैसा एकरकमी शेतकऱ्याच्या हाती येतो खरा, पण पुढे भाव चढला तर तो फायदा व्यापाऱ्याचा.

नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी मोठ्या बाजारात प्रतवारी ठरते ती आकारावर आणि सालीवर. काळ्या माशीमुळे फळावर कोळशी धरते, काजळ फासल्यासारखी. ओल्या फडक्याने पुसले की खालची केशरी साल दिसते आणि आतली फोड तितकीच रसाळ निघते. असे फळ गावातल्या ग्राहकाने थेट घेतले, तर शेतकरी आणि ग्राहक दोघांचेही भले होते.

कायद्यानेही ही वाट मोकळी केली आहे. महाराष्ट्राने 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, त्यामुळे समितीच्या आवाराबाहेर थेट विक्री करता येते. कंपनी कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीपासून दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. प्रतवारी, साठवण आणि वाहतुकीचा खर्च त्यामुळे वाटला जातो. मात्र खरा आधार नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकाचाच. कारण वांगी, संभार (कोथिंबीर), पालक यांसारखा नाशवंत माल दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.