गर्भवतीची चिंता घराने वाटून घ्यावी



घरात गोड बातमी येते, देवापुढे साखर ठेवली जाते आणि काही दिवसांत सोनोग्राफीचा कागद हाती पडतो. त्यावर ‘बायकॉर्न्युएट युटेरस’ असे दोन शब्द असतात. गर्भाशयाचा आकार वेगळा आहे, गर्भारपण जपावे लागेल, असे डॉक्टर सांगतात. त्या क्षणापासून त्या सुनेच्या मनात जी धास्ती घर करते, तिचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्या दोन शब्दांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. स्त्री-भ्रूणात गर्भाशय आरंभी दोन नलिकांच्या रूपात असते. पुढे या नलिका एकमेकींना जुळतात, मधला पडदा विरतो आणि एकच पोकळी तयार होते. हे जुळणे अपुरे राहिले की गर्भाशयाचा वरचा भाग दुभंगलेला राहतो. पडदा विरला नाही, तर पोकळीचे दोन भाग होतात. एखादी नलिका वाढलीच नाही, तर गर्भाशय एकाच बाजूचे राहते. हे सारे त्या स्त्रीच्या स्वतःच्या जन्माआधीच घडलेले असते. तिचे खाणेपिणे, तिची नोकरी, तिने उचललेली बादली किंवा ग्रहणात चिरलेली भाजी यांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही. शंभरात सुमारे पाच स्त्रियांमध्ये असा काही ना काही फरक आढळतो आणि कित्येकींना तो आयुष्यभर ठाऊकही नसतो.

आता धोक्याविषयी. अशा गर्भारपणात गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळ पायाळू राहणे, त्याची वाढ मंदावणे या शक्यता वाढतात, सिझेरियनही अधिक वेळा करावे लागते. हे लपवून उपयोग नाही. मात्र धोका प्रत्येक प्रकारात सारखा नसतो आणि अशा अनेक स्त्रियांच्या कुशीत सुदृढ बाळे येतात, हेही तितकेच खरे आहे.

तरीही मन ऐकत नाही. पोटात जराशी कळ आली की जीव दडपतो. रात्री बाळाच्या हालचालीची वाट पाहण्यात झोप उडते. आधी एखादा गर्भपात झालेला असेल, तर त्याचे न बोललेले दुःखही उफाळून येते. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे प्रेमानेच म्हणतात, “चिंता करू नकोस, बाळावर परिणाम होईल.” सुभद्रेची आणि अभिमन्यूची कथा तर घरोघरी सांगितली जाते. परिणाम असा होतो, की त्या मुलीला आता आपल्या चिंतेचीही चिंता वाटू लागते आणि तिच्यावर अपराधी भावनेचा भार पडतो. मनाई केल्याने चिंता जात नाही; ती आत जाऊन बसते, एवढेच.

तिला बाहेर काढण्याचा पहिला मार्ग म्हणजे एक साधी वही. मनात येणारा प्रत्येक प्रश्न त्यात लिहावा आणि तपासणीला जाताना ती सोबत न्यावी. गर्भाशयाचा नेमका प्रकार कोणता? साध्या सोनोग्राफीत पडदा आणि दुभंग यांची गल्लत होऊ शकते, तेव्हा निदान पक्के आहे का? मूत्रपिंडांची तपासणी झाली का? गर्भाशयमुखाची लांबी केव्हा मोजणार? अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेणारा अतिदक्षता विभाग जवळ कोठे आहे? उत्तर मिळालेली भीती पुष्कळ लहान होते.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर धोक्याच्या खुणा लिहाव्यात : रक्तस्राव, पाणी जाणे, सदतीस आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने पोट कडक होणे, बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वैद्यकशास्त्राकडे आज उपाय आहेत, हेही तिला कळले पाहिजे. गर्भाशयमुख अकाली उघडू नये म्हणून घालावयाचा टाका जगाला दिला तो गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत कार्य केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तो टाका सर्वांना लागत नाही. गरज डॉक्टर ठरवतात. प्रसूती लवकर होण्याची चिन्हे असतील, तर बाळाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देता येतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली हा उपाय जगापुढे मांडला.

शेजारणीच्या सल्ल्यावरून मात्र नऊ महिने अंथरूण धरू नये. सतत पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि रिकामे मन अधिक भरकटते. किती हिंडावे-फिरावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

घराचे कर्तव्यही स्पष्ट आहे. प्रत्येक तपासणीला पतीने बरोबर जावे आणि डॉक्टर काय म्हणाले, ते स्वतः ऐकावे. सासूबाईंनी भेटीस येणाऱ्यांच्या तोंडच्या दुर्दैवी कहाण्या दारातच थांबवाव्यात. डोहाळेजेवण केव्हा करावे, करावे की नाही, हे तिला ठरवू द्यावे. ती रडली तर उपदेश न करता जवळ बसावे.

सलग दोन आठवडे झोप-भूक हरपली, कशातच मन रमेना किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजून उपचार घ्यावेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. समुपदेशनाने पुष्कळ गुण येतो. आधीपासून मनासाठी औषधे चालू असतील, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलीमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शेवट कसा होईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. प्रसंगी ओटी रितीही राहते आणि तेव्हाही तिला कोणी दोष देता कामा नये. हे घर काहीही झाले तरी आपल्या बाजूने उभे राहील, एवढा विश्वास तिला आजच मिळावा. तो देणे मात्र सर्वस्वी घरच्यांच्या हाती आहे.