पत्रक कुणाच्या बाजूनं बोलतं?

(लोणावळ्यात तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



कार्ला, भाजे, बेडसे या आपल्या मावळातल्या लेण्यांवर तुम्ही माहितीपत्रक काढताय. मला बोलावलंत, कारण माझी हयात छापखान्यात गेली. विद्वान म्हणून बोलावलं असतं तर आलोच नसतो. शाईनं काळी झालेली नखं, एवढंच माझं प्रमाणपत्र.

आधी माझा गुन्हा सांगतो. ऑफसेटच्या दिवसांत मी एका छापखान्यात निगेटिव्ह साफ करायला होतो. एका हॉटेलचं पत्रक आलं. एकरंगी फोटो. पुढं बंगले, मागं डोंगर आणि मधल्या उतारावर पत्र्याची आठ-दहा घरं. आमची वस्ती! मालक म्हणाला, “तेवढं काढून टाक.” निगेटिव्हवर ओपेकचा घट्ट रंग लावला की तिथून उजेड जात नाही, प्लेटवर काही उठत नाही, कागद कोरा राहतो. मी कुंचला घेतला आणि माझ्या आईचं घर पुसलं. छापून आलं तेव्हा वस्तीच्या जागी पांढरंफेक धुकं. लोणावळ्याचं धुकं! गिऱ्हाईक खूश. मी मजुरी घेतली. ते पत्रक घरी मात्र नेलं नाही.

त्या दिवशी कळलं, पत्रकात छापलेलं वाचायचं आणि पुसलेलंही वाचायचं.

मग चिडून आम्ही पोरांनी आमचं पत्रक काढलं. वस्तीत नळ नव्हता. वळवणच्या धरणाचं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं, १९१५ पासून तिथं वीज होते, मुंबई उजळते. आणि आमच्या बाया हंडा घेऊन कोसभर चालायच्या. मोर्चा ठरला. पत्रक मी लिहिलं. ज्वालामुखी, वणवा, वादळ, रक्त, सगळं घातलं. एकही विशेषण शिल्लक ठेवलं नाही. वस्तीतल्या एका आत्यानं नातवाकडून ते वाचून घेतलं. ऐकून म्हणाली, “लई झ्याक लिवलंस रं बाबा. पन मोर्चा कवा हाय? आन् जमायचं कुठं?”

तारीख राहिली होती! ठिकाण राहिलं होतं! पाचशे प्रती छापून झालेल्या. रात्रभर बसून प्रत्येक प्रतीवर हातानं तारीख घातली. आजही पत्रक हातात आलं की मला आत्या आठवते. कोण, काय, कुठं, कधी, आणि वाचणाऱ्यानं काय करायचं, हे आधी लिहा. जागा उरली तर वणवा पेटवा.

कमी शब्दांत कसं लिहायचं, ते शिकायला लांब जायची गरज नाही. तुमच्या विषयातच शाळा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा आणि कोरलेली दानलेखं बघा. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलण्याजवळची. एका लेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं दाराचं काम आहे. दुसऱ्यात त्याच गावचा सिंहदत्त, धंदा अत्तराचा, त्याचं दान आहे. भिक्षुणींचीही दानं आहेत. गाव, धंदा, नाव, काम. संपलं! दगडावर प्रत्येक अक्षराला छिन्नी मारायची, म्हणून फालतू शब्द परवडत नव्हता. तिथंच वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की आपण पुरं केलेलं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. ही झाली शेटजीची जाहिरात. सुतारानं मात्र फक्त काम सांगितलं. दोन हजार वर्षांनी तो सुतार आपल्याला माणूस म्हणून भेटतो. त्याचं नाव तुमच्या पत्रकात आलंच पाहिजे. राजांची नावं सगळेच छापतात.

आणि मथळा? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पाक्षिक काढलं, नाव ‘मूकनायक’. एकच शब्द. हे कुणाच्या बाजूनं बोलणार, ते नावातच कळलं. मथळा असा पाहिजे.

आता कारागिरीचं. ए-फोर कागद आडवा, दोन घड्या, सहा पानं. आत दुमडणारं पान दोन मिलिमीटर अरुंद ठेवा, नाहीतर घडी फुगते. पहिल्या पानावर एक फोटो, एक मथळा. आतल्या तीन पानांवर तीन लेणी. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब, छताला अजून जुन्या लाकडाच्या कमानी. भाज्याला १४ स्तूपांचा समूह. बेडशाला खांबांवर हत्ती-घोड्यांवरची माणसं. दुमडल्या पानावर दान देणारे आणि कारागीर. पाठीमागं रस्ता : पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, तिथून कुठल्या बाजूला जायचं, ते साध्या नकाशात. मोबाइलचा चौकोनी कोड टाका, पण जरुरीची माहिती त्याच्या पोटात लपवू नका. साधा फोन असलेला माणूसही लेणी बघायला येतो.

अक्षर बारा पॉइंटच्या खाली नको. आपल्या लिपीला वर वेलांटी, खाली उकार. ओळी चिकटवल्या तर एकमेकांत अडकतात. संगणक बदलला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच बघा. मोकळी जागा दिसली की मजकूर कोंबायचा मोह होतो. नको. डोळ्यालाही श्वास लागतो.

फोटो काढताना माणसं बाजूला हाकलू नका. विचारून त्यांना उभं करा. खांबाशेजारी माणूस असला की खांब केवढा ते कळतं. पायथ्याला ताक, काकड्या विकणारी बाई असेल, तिला विचारा, यायचंय का फोटोत? ‘हो’ म्हणाली तर घ्या. पुसू नका.

शेवटी, छापायला टाकण्याआधी प्रूफ वस्तीत न्या. मोठ्यानं वाचा. जिथं कुणी विचारेल “म्हंजी काय?”, तिथं तुमचं वाक्य चुकलंय, ऐकणारा नाही. मी तेव्हा वाचून दाखवलं असतं तर पाचशे तारखा हातानं लिहायची वेळ आली नसती.

आणि खाली तुमची नावं छापा. गाव, धंदा, नाव, काम. सामी सुतारासारखी.

जय भीम!